पाय पडला की दिला

"काय झालं?" फडतरे सरांनी विचारलं.

"ललितानं पाय दिला," मी म्हणाले, आणि पुन्हा अंगठा धरून विव्हळायला लागले.

त्या तीन शब्दांत माझ्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. आमच्या विट्याकडं असंच बोलतात. एसटीत कुणाचा पाय आपल्या पायावर पडला, तरी "पाय दिलात की ओ" असंच म्हणायचं. मुद्दाम दिला की चुकून पडला, ही चौकशी त्यात नसते. पण फडतरे सर शब्द धरून बसणारे गृहस्थ. दिवसा ते हायस्कुलात मराठीचं व्याकरण शिकवायचे आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर आम्हा पोरींना खो-खो. त्यांनी मान वळवून ललिताकडं बघितलं आणि शिट्टी वाजवून सराव थांबवला.

ललिता तोवर खाली वाकली होती. पाय लागला की करतात तसा तिनं माझ्या बुटाला हात लावून कपाळाला नेला. तेही सरांनी बघितलं.

"आधी पाय द्यायचा, मग पाया पडायचं," ते म्हणाले. "बस जा कडेला."

ती अनवाणी होती. कायम अनवाणीच खेळायची. चाळीस किलोची पोर, पळता पळता तिचा पाय माझ्या कॅनव्हासच्या बुटावर टेकला न टेकला. एरवी मला ते कळलंही नसतं. मी किंचाळले, कारण त्या बुटात माझा अंगठा आठ दिवसांपासून पिकलेला होता. सगळ्या मैदानावर हे दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि ललिताला.

राज्य स्पर्धेला तेव्हा चार आठवडे होते. बारा जणींचा संघ जाणार होता. मी त्या बारांत होते, आणि खांबावर सूर मारणारी म्हणून जरा मानाचीच होते. ललिता मदने तेरावी. म्हणजे बारांतली कुणी गळली, तर तिचा नंबर. दोघींचंही वयाच्या गटातलं ते शेवटचं वर्ष. राज्याला पहिल्या तीनात आलं की पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेला अर्ज करता येतो, हे आमच्या गावात पोरींपेक्षा पोरींच्या आईबापांना जास्त पाठ होतं. त्यामुळं ती बारावी जागा म्हणजे नुसता खेळ नव्हता, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आता अंगठा कशानं पिकला, ते सांगते. त्याची सुरुवात तोंडापासून आहे.

सतराव्या वर्षी माझ्या तोंडावर बोट ठेवायला जागा नव्हती, इतके मुरूम होते. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडं. आई म्हणायची, "उज्ज्वला नाव ठेवलं तिथंच आमचं चुकलं." चंदन झालं, जायफळ झालं, मसुरीच्या डाळीचं पीठ झालं. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कडुलिंबाचा रस पिऊन दोन दिवस ओकाऱ्या काढल्या, तेही झालं. शेवटी आईनं मला सांगलीला डॉक्टर उपाध्यांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, आईला समोर बसवून सगळे धोके सांगितले आणि एक कॅप्सूल लिहून दिली. ओठ फाटतील म्हणाले. लग्न झालेल्या बाईनं ही गोळी फार जपून घ्यायची असते, पोटातल्या बाळाला धोका असतो, असंही म्हणाले, तेव्हा आई लाजून खिडकीबाहेर बघायला लागली.

ओठ फाटले. पण दुसऱ्या महिन्यात माझ्या तोंडावरचं कातडं मला दिसायला लागलं. मी दिवसातून दहादा आरशात बघायची. इतका आनंद मला पुढं नोकरी लागल्यावरसुद्धा झाला नाही.

मंडळात मात्र यातलं कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा एक पोर पावडर लावून सरावाला आली, तर फडतरे सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "खांब तुझं तोंड बघून जवळ येणार आहे का?" मुरमांसाठी गोळ्या खाते म्हटल्यावर माझं काय केलं असतं, देव जाणे.

तिसऱ्या महिन्यात दोन्ही पायांचे अंगठे बिघडले. आधी उजवा, चार दिवसांनी डावा. नखाच्या मुळाशी लाल सूज, बाजूनं पू, आणि कडेला मसुरीच्या दाण्याएवढा ओला मांसाचा कोंब. मैदानाच्या मागं नळ होता, तिथं मी मोजे काढून पाय धूत होते. मागं कुणी आहे हे मला कळलंच नाही.

"नखुरडं झालंय गं तुला," ललिता म्हणाली. "दोन्हीकडं?"

दुसऱ्या दिवशी ती घरून दोन लिंबं घेऊन आली. बोटाला नखुरडं झालं की लिंबाला भोक पाडून बोटावर टोपीसारखं बसवतात, तसं तिनं माझ्या दोन्ही अंगठ्यांवर बसवलं. पायाच्या अंगठ्याला लिंबू काही बसेना. शेवटी तिनं ते अर्धं कापलं आणि आपल्या ओढणीची पट्टी फाडून बांधलं. मी त्या लिंबाच्या पायांनी बसले होते आणि आम्ही दोघी हसत होतो. हसता हसता मी तिला गोळीचं सांगून टाकलं.

"सरांना नको सांगूस," मी म्हणाले.

"मी कशापायी सांगू?" ती म्हणाली.

खरं तर सरांना सांगण्यात तिचा फायदा होता. मंडळाचा एक नियम होता. मैदानावर खेळताना लागलं, तर त्या खेळाडूची जागा गाडी सुटायच्या दिवसापर्यंत राखून ठेवायची. पण दुखणं घरचं असेल, आजारपण असेल, तर जागा लगेच पुढच्या नंबराला द्यायची. दोन वर्षांपूर्वी एका पोरीनं कावीळ लपवली आणि पहिल्याच डावात ती मैदानात आडवी झाली, तेव्हापासूनचा तो नियम. माझे अंगठे गोळीनं बिघडलेत हे कळलं असतं, तर त्याच संध्याकाळी ललिता बारावी झाली असती. तिला नियम पाठ होता. तरी ती चार दिवस गप्प राहिली आणि लिंबं आणत राहिली.

आणि पाचव्या दिवशी तिचाच पाय माझ्या पायावर आला.

दुसऱ्या दिवशी आई मला सांगलीला घेऊन गेली. डॉक्टर उपाध्यांनी उजवा अंगठा बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "डावा दाखवा."

मी मोजा काढला.

"मार लागलाय का?"

"काल एकीचा पाय पडला," मी म्हणाले. इथं मात्र तोंडातून बरोबर शब्द आला. "पण दुखत आठ-नऊ दिवसांपासून होतं. डाव्याला काहीच लागलेलं नाही."

ते उठले आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून उभ्या उभ्याच चाळायला लागले. डॉक्टरला पुस्तकात बघावं लागलं, म्हणून आईचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की हे साधं नखुरडं नाही. नख पुढं वाढायचं सोडून मागं, मुळाच्या कातडीत घुसायला लागतं. त्याचं एक लांबलचक नाव आहे आणि ते फार कमी जणांना होतं. बहुतेक वेळा पळणाऱ्या मुलांत, सारखी ठेच लागून.

"मग हे पळण्यानं झालं?" आईनं विचारलं.

"पळण्यानंही असेल. पण दोन्ही अंगठ्यांना एकाच आठवड्यात, बाजूला असा कोंब, आणि ही कॅप्सूल चालू. मला कॅप्सूलचा संशय येतो. पुस्तकात चार-दोन पेशंट आहेत तसे."

"म्हणजे गोळीनंच झालं," मी म्हणाले.

"नक्की सांगता येत नाही. चार-दोन पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. आपण कॅप्सूल बंद करू. बंद केल्यावर बरं झालं तर माझा संशय वाढेल. सिद्ध तेव्हाही होणार नाही."

तो माणूस प्रामाणिक होता. जेवढं माहीत तेवढंच बोलत होता. त्याच्या त्या प्रामाणिकपणातलं मला सोयीचं तेवढंच ऐकू आलं, की माझ्या अंगठ्याला गोळीनं काही झालं असं जगात कुणालाच सिद्ध करता येणार नाही. त्यांनी कोंबावर औषध लावून पट्टी कशी बांधायची ते दाखवलं आणि दोन आठवडे विश्रांतीचा दाखला लिहून दिला. दाखल्यावर ते लांबलचक इंग्रजी नाव होतं. दुखापत की आजार, हे काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बैठक बसली. अध्यक्ष शेटे अण्णा, टायरच्या दुकानाचे मालक, मनानं भोळे. त्यांच्या शेजारी फडतरे सर वही उघडून. भिंतीला टेकून आम्ही दोघी, आणि दाराशी ललिताचे वडील. ते मेंढरं भावाच्या हवाली करून पहाटेच्या एसटीनं आले होते. पायताण बाहेर काढून, पटका काखेत धरून उभे होते. अण्णांनी दोनदा बसा म्हटलं, तरी बसले नाहीत.

अण्णांनी दाखला हातात घेऊन उलटसुलट केला. "सर, हे काय म्हणायचं? फ्रॅक्चर?"

"तसंच काहीतरी," सर म्हणाले.

मग सरांनी सगळा प्रकार सांगितला. ललिता तेरावी, म्हणजे बारांतली एक गळली की फायदा तिचा. खांबापाशी एवढी मोकळी जागा असताना पाय नेमका अंगठ्यावर आला. आणि उज्ज्वलाचे पहिले शब्द काय होते? तर पाय दिला. इथं सर रंगात आले. पडणे आणि देणे यातला फरक त्यांनी अण्णांना वर्गात समजावल्यासारखा समजावला. फळ पडतं, पाऊस पडतो, त्यात कुणाची इच्छा नसते. पण देणारा जाणूनबुजून देतो, इच्छेशिवाय देणं होतच नाही. अण्णा मान डोलावत होते. टायर विकणाऱ्या माणसाला एवढं व्याकरण एकदम ऐकवलं, की तो काहीही मान्य करतो.

मला तिथंच सांगता आलं असतं, की सर, आमच्यात असंच बोलतात. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण लगेच दुसरा प्रश्न आला असता, की मग एवढं पिकलं कशानं?

अण्णांनी मला अंगठा दाखवायला सांगितला. मी उजवा बूट काढला, पट्टी सोडली. अण्णांनी तोंड वाकडं करून दुसरीकडं बघितलं. ललिताचे वडील दारातून पुढं आले, वाकून त्यांनी नीट बघितलं आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले. मेंढरांचे खूर बघणारा माणूस. दोन-चार दिवसांच्या दुखण्यानं एवढा पू होत नाही, हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण बोलले फक्त एवढंच, "पोरगी म्हणती पडला, तर पडलाच असंल. ती खोटं बोलत न्हाई."

"ललिता, तू सांग," अण्णा म्हणाले. "दिलास का पडला?"

"पडला."

एवढंच. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या डाव्या पायाकडं बघत होती. तो अजून बुटात होता. तिनं 'हिला दुसरा बूट काढायला सांगा' एवढं म्हटलं असतं, तरी बैठक तिथंच संपली असती आणि ती बारावी झाली असती. तिला ते माहीत होतं, मला ते माहीत होतं. ती म्हणाली नाही. तिनं मला नळापाशी शब्द दिला होता, आणि आता तो शब्द सोडवायची पाळी माझी आहे, असं ती धरून चालली होती.

"उज्ज्वला, तू सांग बाळ. तूच सांगू शकतीस."

माझं तोंड कोरडं पडलं. ते गोळीनं की भीतीनं, नक्की सांगता येत नाही. हेच वाक्य मी तेव्हा बोलले.

"नक्की सांगता येत नाही, अण्णा."

 मग फडतरे सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "बघा अण्णा," ते म्हणाले, "हिचा पाय गेलाय आणि ही मैत्रिणीला वाचवायला बघतीय. याला म्हणतात खिलाडूपणा."

अण्णांचे डोळे भरून आले. सरांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, की कु. ललिता मदने हिने सहखेळाडूच्या पायावर मुद्दाम पाय दिला, सबब तिला मंडळातून कमी करण्यात येत आहे. खाली तिची सही घेतली. तिच्या वडिलांचा अंगठा घेतला. माझी सही कुणी मागितली नाही.

बाहेर ती नळावर पाणी पीत होती. मी बाजूनं जाताना तिनं ओठ पुसले आणि म्हणाली, "मला वाटलं, तू बूट काढशील."

 ती वडिलांच्या मागं स्टँडकडं चालू लागली. एसटी येईपर्यंत दोघं पिंपळाखाली बसलेले मला मंडळाच्या पायरीवरून दिसत होते. लाज वाटली, खूप वाटली. पण सतरा वर्षांच्या पोरीला लाज आणि जागा यातलं एक निवडायला सांगितलं, तर ती काय निवडेल हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते.

कॅप्सूल बंद केली. तिसऱ्या आठवड्यात डाव्या अंगठ्याचा कोंब सुकून गळून पडला, चौथ्यात उजवा कोरडा झाला. पट्टी बांधून मी खेळले. आमचा तिसरा नंबर आला. शेवटच्या सामन्यात मी खांबावर सूर मारून तीन गडी बाद केले आणि त्याचं कात्रण आईनं अजून जपून ठेवलंय.

स्पर्धेनंतर सांगलीला दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टर उपाध्ये माझ्या अंगठ्यांवर इतके खूश झाले की मलाच चमत्कारिक वाटलं. त्यांनी दोन्हीचे फोटो काढले. आधीचेही त्यांच्याकडं होते. कॅप्सूल चालू असताना सुरू झालं, बंद केल्यावर गेलं. हे आपण लिहून पाठवू, म्हणाले. डॉक्टरांच्या एका मासिकात छापून आलं, तर दुसरीकडं कुठंतरी एखाद्या पोरीचं नख उगाच उपटायचं वाचेल.

मग त्यांनी पेन उघडलं. "फक्त एक गोष्ट मला खरी सांगा. दुखणं सुरू होण्याआधी मार लागला होता का? लागला असेल तर माझ्या लिहिण्याला अर्थ नाही. मग ते गोळीनं झालं, असं मला म्हणताच येणार नाही."

आई बाजूला बसली होती. विट्यात झालेल्या बैठकीची हकीकत तिला माझ्या खिलाडूपणासकट पाठ होती. ती माझ्याकडं बघत राहिली.

"नाही," मी म्हणाले. "काही लागलं नव्हतं. नंतर एकीचा पाय पडला, पण तो बुटावर, आणि ती अनवाणी होती. तिच्यानं काही झालेलं नाही."

किती सोपं गेलं ते. तिथं जागा जाणार नव्हती. परतीच्या एसटीत तासगाव आलं. मग आई एकदम म्हणाली, "आता झालं ते झालं. घरी बोलू नकोस." त्यानंतर आम्ही दोघी या विषयावर कधी बोललो नाही.

दोन वर्षांनी पोस्टानं एक पाकीट आलं. छापून आलेल्या पानाची झेरॉक्स होती. माझ्या अंगठ्यांचे दोन फोटो आणि खाली दीड कॉलम इंग्रजी. सतरा वर्षांची मुलगी, मैदानी खेळ खेळणारी, असं सगळं. त्यात एक वाक्य होतं: पेशंटला त्याआधी कोणतीही दुखापत झालेली नव्हती. शेवटी मात्र डॉक्टरांनी आपल्या स्वभावाप्रमाणं लिहिलं होतं, की संबंध शक्य वाटतो, पण एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. मी तो कागद लॅमिनेट करून घेतला. पुढं खेळाडूंच्या जागेवर मला सरकारी कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या झाल्या, पुन्हा विट्याला आले. कागद प्रत्येक घरात बरोबर आला.

ललिताचा पत्ता काढायला मला काही कष्ट पडले नाहीत. इतकी वर्षं का काढला नाही, तर काढायचा नव्हता म्हणून. आटपाडीच्या अलीकडं एका वस्तीवर तिची पिठाची गिरणी आहे, असं कचेरीतच एकानं बोलता बोलता सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी गाडी काढली आणि गेले.

ती पिठानं पांढरी झाली होती. भुवयासुद्धा. मला बघून लगेच ओळखलं, आणि "आलीस व्हय" एवढंच म्हणाली, जणू मागच्या आठवड्यात येणार होते ती आज आले. पट्टा थांबवला, चहा ठेवला. दोन पोरं आहेत, नवरा सूतगिरणीत आहे, असं सगळं सांगितलं. माझं विचारलं. तिच्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या बैठकीनंतरच्या वर्षी तिनं दुसऱ्या एका मंडळात, मोठ्यांच्या गटात खेळायला बघितलं होतं. त्यांनी विट्याला चौकशी केली, आणि नको म्हणाले. हे तिनं चहात साखर घालता घालता सांगितलं.

मी पिशवीतून तो कागद काढला. काय आहे, कसा आला, सगळं सांगितलं. ते एक वाक्य बोटानं दाखवलं आणि मराठीत वाचलं. म्हणाले, "हे छापलेलं आहे ललिता. हे मोठमोठे डॉक्टर वाचतात. यात लिहिलंय, की मला काही लागलं नव्हतं. म्हणजे तू काही केलं नव्हतंस."

तिनं हात पदराला पुसले आणि कागद घेतला. बराच वेळ बघत होती. फोटोतले अंगठे ओळखून जरा हसलीही. मग वरपासून खालपर्यंत एकेका ओळीवरून बोट फिरवलं.

"यात माझं नाव कुठंय?"

"असल्या कागदांत नावं नसतात," मी म्हणाले. "माझंही नाही."

"तुझं हाय की. पेशंट म्हणून तूच हायस." तिनं पुन्हा एकदा बोट खालपर्यंत नेलं. "मी कुठं हाय?"

 तिनं कागद माझ्या हातात परत दिला. लॅमिनेशनवर पिठाची बोटं उठली होती, ती तिनंच पदरानं पुसली.

"मंडळाच्या वहीत हाय माझं नाव," ती म्हणाली. "माझ्या बापाचा अंगठा हाय त्याखाली. लिहायचं असलं तर तिथं लिही."

तेवढ्यात एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन आली. ललिता उठली, पट्टा चालू केला. त्या आवाजात पुढं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. मी थोडा वेळ बसले आणि निघाले.

आल्यावर मी आधी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं, की इतक्या वर्षांनी असं काही लिहून दिलं, तर माझ्या नोकरीला धोका आहे का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अजिबात नाही. तुम्ही संघात होतात, खेळलात, मेडल तुमचं आहे. वहीत काय लिहायचं ते लिहा, कुणी तुमचं काही वाकडं करू शकत नाही.

शेटे अण्णा वारले. फडतरे सर आता अध्यक्ष आहेत, रोज संध्याकाळी पाच ते सात मंडळाच्या खोलीत बसतात. वह्या सगळ्या कपाटात लावलेल्या आहेत आणि कपाटाला कुलूप नसतं. माझ्या घरापासून ती खोली चालत दहा मिनिटांवर आहे. ललिताकडं जाऊन आले, त्याला या दिवाळीत तीन वर्षं होतील.